पंखावरची टिकली

शनिवारी दुपारी सव्वादोनच्या सुमारास मी एका तक्त्यात खोटं लिहिलं. एकच अक्षर, तेही पेन्सिलीनं. ‘एफ’. एफ म्हणजे फीमेल, मादी. ते फुलपाखरू मादी होतं की नर, हे मी पाहिलंच नव्हतं. पाहायला हवं होतं, त्यासाठीच तर मला त्या टेबलाशी बसवलं होतं. पण ऐन वेळी माझं लक्ष दुसरीकडे गेलं आणि मान वळवेपर्यंत ते उडालंही. मोठ्यांपैकी कुणी काही विचारलं नाही. रकाना रिकामा दिसत होता, तो मी भरला. त्याला आता आठ दिवस झाले, आणि भाजी चिरताना, गाडी चालवताना, रात्री दिवा मालवल्यावर ते अक्षर मधूनच डोळ्यांपुढे येऊन उभं राहतं. इतकुसं अक्षर ते. माझं मलाच हसू येतं, पण अक्षर काही जात नाही.

अमेरिकेत, दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये मका आणि सोयाबीनच्या शेतांच्या मधोमध आमचं नेचर सेंटर आहे. ‘आमचं’ म्हणायला मला सहा-सात वर्षं लागली, ते सोडा. एक जुना लाल गोठा, त्याला चिकटून एक बसकी इमारत, मागे ओढा आणि ओकची राई, आणि पुढे गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं बी टोकून पुन्हा उभी केलेली प्रेअरी, म्हणजे उंच गवताचा आणि रानफुलांचा माळ. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी इथे फॉल फेस्टिवल असतो. फॉल म्हणजे पानगळ, पण ती नावापुरती, कारण त्या दिवशी बहुतेक मेपल अजून हिरवेच असतात. एखाद्याच फांदीला केस पिकल्यासारखा लाल रंग चढलेला असतो. पेटलेलं असतं ते सुमाक नावाचं झुडूप, रस्त्याच्या कडेला, कुणी लक्ष देवो न देवो. पण गवत मात्र पुरतं पिकलेलं असतं. बिग ब्लूस्टेम नावाचं ते गवत माझ्या डोक्यावर दोन वीत जातं, त्याच्या तुऱ्याला तीन बोटं फुटतात आणि वारा आला की अख्खं रान एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळतं.

त्या दिवसाचा वास मी डोळे मिटून ओळखीन. ओल्या पेंढ्याचा, डिझेलचा, दालचिनीचा, आणि या सगळ्यांवर मात करणारा सफरचंदाच्या चोथ्याचा आंबूस-गोड वास. गोठ्याच्या दारात सायडरचं, म्हणजे सफरचंदाच्या रसाचं, लाकडी यंत्र मांडतात. वर दात्यांचा रूळ, त्याला हँडल, खाली लाकडी पट्ट्यांचं पिंप आणि त्याच्यावर मळसूत्र. एकानं हँडल फिरवायचं, दुसऱ्यानं सफरचंदं टाकायची. रूळ ती करकरा चावतो, पिंप भरलं की मळसूत्र आवळायचं, आणि पट्ट्यांच्या फटींतून आधी थेंब, मग धार, मग फेसाळ तपकिरी लोंढा. पहिल्या वर्षी मी तिथे उभी राहिले तेव्हा कानांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. घरी येऊन उलगडा झाला, घुंगरू नव्हते. रसवंतीच्या चाकाला घुंगरू असतातच असं माझ्या मेंदूत कुठेतरी पक्कं बसलेलं, त्यामुळे रस निघतोय आणि छुमछुम नाही, हे त्याला पटत नव्हतं. गांधीलमाश्या मात्र दोन्हीकडे सारख्याच. इथल्या जरा जास्त चिडखोर, सप्टेंबरात त्यांचं घर मोडत आलेलं असतं. पोरं पेले झाकून घेतात, बाप हातवारे करतात, आणि यंत्राशी उभी असलेली म्हातारी स्वयंसेविका माशी मनगटावर बसली तरी हँडल सोडत नाही.

माझं काम मात्र यंत्रापासून लांब, प्रेअरीच्या तोंडाशी, मोनार्कच्या टेबलावर. नारिंगी-काळी मोनार्क फुलपाखरं इथून हिवाळ्यासाठी मेक्सिकोला जातात. निघण्यापूर्वी त्यांतल्या काहींच्या पंखावर नंबर चिकटवून सोडायचं, म्हणजे कुठलं कुठे पोहोचलं ते कळतं. कॅन्सस विद्यापीठातला ‘मोनार्क वॉच’ हा उपक्रम १९९२पासून हे करतो, आणि टॅग तिथूनच येतात. सप्टेंबरअखेर म्हणजे आमच्याकडे मोसमाची शेपटी. मोठे लोंढे आधीच गेलेले असतात. जांभळ्या अ‍ॅस्टरवर आणि गोल्डनरॉडच्या फुलांवर उरतात ती मागे रेंगाळलेली, फाटक्या पंखांची किंवा उशिरा कोशातून निघालेली. त्या दिवशी सकाळपासून आम्हाला सतरा मिळाली, आणि तेवढ्यावर सगळे खूश होते.

टॅग म्हणजे चक्क टिकली. पांढरी, गोल, नऊ मिलिमीटरची. आपल्याकडच्या पाकिटावर जशा टिकल्या रांगेत चिकटवलेल्या असतात तशाच एका कागदावर, फक्त प्रत्येकीवर बारीक अक्षरं आणि आकडे छापलेले. ती टूथपिकच्या टोकानं उचलायची. फुलपाखराचे पंख मिटून अंगठा आणि तर्जनीत धरायचे. भीती वाटते, पण ते तितकं नाजूक नसतं, नीट धरलं तर मोडत नाही. मागच्या पंखाच्या खालच्या अंगाला शिरांनी आखलेलं एक मोठं घर असतं, अंगठा सुटा असलेल्या हातमोज्यासारखं. त्यावर टिकली ठेवून दोन-तीन सेकंद दाबायची. बोटांना नारिंगी भुकटी लागते. अर्ध्या ग्रॅमचा जीव, आणि टिकली त्याच्या पन्नासाव्या हिश्शाची. मग मी तक्त्यात लिहायचं: टॅगचा नंबर, तारीख, जागा, रानातलं की घरी वाढवलेलं, आणि नर की मादी. हे शेवटचं सगळ्यात सोपं. नराच्या मागच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका असतो, अगदी शिरेला चिकटून. मादीला तो नसतो, तिच्या शिराच जाड काजळ घातल्यासारख्या दिसतात. एक नजर पुरते.

ती एक नजर मी टाकली नाही.

टॅग लावत होते ते निवृत्त शिक्षक. चाळीसेक वर्षं त्यांनी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. इथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, मीही त्यांना तशीच मारते, पण मनात मात्र ‘सर’च म्हणते, तेव्हा इथेही सरच. सरांनी टिकली दाबली आणि फुलपाखरू समोरच्या मुलीच्या तळहातावर ठेवलं. सहा-सात वर्षांची मुलगी, पुढचे दोन दात पडलेले, गालावर कुणीतरी भोपळा रंगवलेला. त्याच क्षणी शेजारच्या टेबलावर एका पोरानं मिल्कवीड या चिकाच्या रानझाडाची वाळलेली शेंग दोन्ही अंगठ्यांनी फोडली आणि फुंकर मारली. वाऱ्याची झुळूकही नेमकी तेव्हाच आली. रेशमाचे शे-दीडशे तंतू एकदम उठले, प्रत्येकाच्या पायाशी एक चपटं तपकिरी बी, आणि ते आमच्या टेबलावरून, तक्त्यावरून, सरांच्या टोपीवरून तरंगत निघाले. मी हात वर केला आणि मोठ्यांदा म्हणाले, “म्हातारी!”

मराठीत. विस्कॉन्सिनच्या माळावर, पन्नास माणसांत.

कुणाला काही कळलं नाही आणि कळायचं कारणही नव्हतं. पण माझ्या तोंडून तो शब्द तीसेक वर्षांत निघाला नव्हता. शाळेच्या वाटेवर रुईची झुडपं होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिची फळं तडकली की म्हाताऱ्या उडायच्या, आणि पहिली धरेल तिचं काहीतरी भलं व्हायचं. नेमकं काय, ते कधी ठरलं नाही. रुईच्या चिकानं डोळे जातात म्हणून आई ओरडायची. त्या रुईवर पिवळे-काळे पट्टे असलेल्या अळ्या असत आणि त्यांची नारिंगी फुलपाखरं होत. मिल्कवीड हे रुईचं भावंड, आणि ती फुलपाखरं मोनार्कची जवळची भावकी, हे मला इथे येऊन, याच टेबलाशी बसून कळलं. गंमत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात याच रेशमाचं सरकारी काम निघालं होतं. लाइफ जॅकेटमध्ये भरायला जावाहून येणारा कापोक नावाचा झाडाचा कापूस बंद झाला, तेव्हा या भागातल्या शाळकरी पोरांना पोती घेऊन शेंगा गोळा करायला पाठवलं. दोन पोती शेंगा म्हणजे एक जॅकेट. शेंग फोडण्याच्या टेबलावर हे लिहिलेला एक पिवळा पडलेला कागद असतो. पोरं तो वाचत नाहीत, फुंकतात. बरोबरच आहे त्यांचं.

तर मी म्हातारी धरेपर्यंत फुलपाखरू गेलं होतं. मुलगी हात तसाच पसरून वर बघत होती. मग तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, “मुलगा होता की मुलगी?” सरांनी तोवर पाठ वळवून जाळी उचलली होती. मी म्हणाले, “मुलगी.” ती बापाकडे धावली, “मुलगी होती! माझी मुलगी होती!” मग मी खाली वाकून ‘एफ’ लिहिलं. म्हणजे क्रम बघा, आधी बोलले आणि मग बोलल्याला साजेसं लिहिलं.

असं मी पहिल्यांदाच केलं असतं तर कदाचित इतकं टोचलं नसतं. सातवीत असताना आमच्या शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होता, तारेच्या कुंपणात. पावसाळ्यात रोज सकाळी दोघांची पाळी. जाऊन बाटलीतलं पाणी मापात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. जुलैत एका सकाळी इतकं झोडपत होतं की मी आणि माझी मैत्रीण व्हरांड्याच्या कडेला उभ्या राहिलो, पावसाकडे अंदाजानं पाहिलं आणि ४२ लिहिलं. चाळीस लिहिलं तर संशय येईल, ४२ खरं वाटतं, ही अक्कल त्या वयातही होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंदाज. तिसऱ्या दिवशी तर पाऊस नव्हता तरी आम्ही गेलो नाही. वही महिन्याच्या शेवटी गुरुजींनी तपासली, लाल शाईनं सही केली आणि वर ‘छान’ लिहिलं. त्या ‘छान’ची मला तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते, आणि तीही अशी विस्कॉन्सिनमार्गे.

मी माझ्या मनाला समजावलं की एका अक्षरानं काय होतंय. पण सरांनीच मागे एकदा सांगितलेली हकिकत आड येते. मोनार्क हिवाळ्यात जातात कुठे, हे टोरंटोचे फ्रेड आणि नोरा अर्कहार्ट हे जोडपं कित्येक दशकं शोधत होतं. त्यांची पहिली लेबलं पोस्टाच्या तिकिटासारखी, डिंकाची. पाऊस आला की गळून पडायची. मग चिकटपट्टीची लेबलं केली, जाहिराती देऊन देशभर हजारो हौशी माणसं जमवली. जानेवारी १९७५मध्ये त्यांच्यासाठी शोध घेणाऱ्या केन ब्रगर आणि कॅटलिना अग्वादो यांना मेक्सिकोच्या डोंगरात, सुमारे ३००० मीटरवर, ओयामेल नावाच्या सूचिपर्णी झाडांवर लगडलेले कोट्यवधी मोनार्क सापडले. तिथल्या लोकांना ती फुलपाखरं पिढ्यानपिढ्या माहीत होती, हा भाग निराळा. फक्त ती येतात कुठून हे कुणी जुळवलं नव्हतं. पुढच्या जानेवारीत फ्रेड स्वतः चढून गेले. ते बसले होते तिथे फुलपाखरांच्या भारानं एक फांदी मोडून पडली, आणि त्या ढिगात एका पंखावर पांढरं लेबल. ते लावलं होतं मिनेसोटातल्या चास्का गावच्या दोन शाळकरी पोरांनी, ऑगस्ट १९७५मध्ये. आमच्या शेजारच्याच राज्यातली पोरं. त्यांनी त्या दिवशी व्हरांड्यात उभं राहून अंदाजानं काही लिहिलं असतं तर?

सर ही गोष्ट दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी फांदी मोडण्यापाशी थांबून सगळ्यांकडे पाहतात. आम्हीही दर वर्षी ‘अरे’ म्हणतो.

उशिरा जेवून मी ट्रॅक्टरच्या फेरीत बसले. टेबलापासून पळ काढला म्हणा. पेंढ्याच्या गाठी मांडीला टोचत होत्या, समोर एक बाळ झोपेत भोपळ्याला मिठी मारून पडलं होतं. प्रेअरी संपते तिथे तार आहे, आणि तारेपलीकडे सोयाबीन, वाळून खुळखुळायला लागलेलं, एकसारखं, त्यात एक काडीही दुसरी नाही. ट्रॅक्टर चालवणारे गृहस्थ शेजारचेच शेतकरी, दर वर्षी ट्रॅक्टर आणि आपला अख्खा दिवस फुकट देतात. त्यांनी गाडी थांबवून मागे वळून सांगितलं, “माझ्या बापानं मिल्कवीड उपटण्यात जन्म घातला. आता तुम्ही ते पेरता.” सगळे हसले, तेही हसले. ९०च्या दशकात तणनाशक सोसणारं बियाणं आलं, पिकाच्या ओळींमधलं मिल्कवीड गेलं, आणि मोनार्कच्या अळीला तर दुसरं काही खाताच येत नाही. मेक्सिकोत मोनार्कनी व्यापलेलं जंगल मोजतात. १९९६-९७च्या हिवाळ्यात ते १८ हेक्टरांहून थोडं जास्त होतं. २०१३-१४मध्ये ०.६७ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबानं ६६ गुंठे. एखाद्या वाटणीवरून भांडणाऱ्या भावांच्या वाट्याला येतं तेवढं. तिथली जंगलतोड, दुष्काळ, अवेळी थंडी हीही कारणं आहेतच. पण त्या गृहस्थांच्या पाठीकडे बघताना मला त्यांचा राग येईना. फेस्टिवलचा पेंढा त्यांचा, भोपळे त्यांचे, आणि प्रेअरीत मशागतीसाठी मुद्दाम वणवा लावायच्या दिवशी पाण्याची टाकी घेऊन उभे राहणारेही तेच. चांगली माणसं एकीकडे फवारतात आणि दुसरीकडे पेरतात, आणि मी तरी कुठली वेगळी. सोयाबीनचं तेल माझ्याही ओट्यावर आहे.

इथपर्यंत वाचणाऱ्याला वाटत असेल की आता ही बाई देश सोडून आलेल्या माणसांची आणि स्थलांतर करणाऱ्या फुलपाखरांची सांगड घालणार. नाही घालणार. फुलपाखराला व्हिसा लागत नाही आणि जे जातं ते परत येतही नाही. वसंतात उत्तरेकडे निघतं ते वाटेत अंडी घालून मरतं. इथे मे-जूनमध्ये पोहोचतात ती त्याची मुलं-नातवंडं. कुणालाही वाट माहीत नसते आणि सगळी वाटेवर असतात. याला माझी उपमा पुरणार नाही.

पण एक सांगते. तो शनिवार पितृपक्षातला होता. सकाळी निघताना मी डेकच्या कठड्यावर घास ठेवला होता, इथले कावळे त्याला शिवतात की नाही हे बघायला कधीच थांबत नाही. मोनार्क मेक्सिकोत पोहोचतात ते नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत, तिथल्या मृतांच्या सणाच्या वेळी, आणि तिथल्या डोंगरातले लोक त्यांना घरी परतणारे आपले पितर मानतात. इथून तिथपर्यंत सरळ रेषेत २८०० किलोमीटर तरी होतील. कुणाचा तरी आजा म्हणून पोहोचणाऱ्या जिवाला मी तक्त्यात ‘एफ’ करून बसले होते. हे सुचलं तेव्हा मात्र मी गाडीत एकटीच हसले.

रविवार गेला, सोमवार गेला. गुरुवारी काम लवकर आटोपलं तशी मी गाडी सेंटरकडे वळवली. फेस्टिवलनंतरचं मैदान मला फेस्टिवलपेक्षा जास्त आवडतं. चाकांनी उकरलेला चिखल, चेपलेला पेंढा, उरलेले पाच-सहा कुरूप भोपळे रांगेत, आणि एक बुजगावणं कंबरेत वाकलेलं, काहीतरी शोधत असल्यासारखं. आकाशातून सँडहिल करकोच्यांचा तो लाकडी चाक कुरकुरल्यासारखा आवाज येत होता. वर पाहिलं तर करकोचे दिसेनात. सर गोठ्यात होते, तक्ता आणि कॉम्प्युटर घेऊन एकेक ओळ भरत होते. मी सांगितलं. वाटलं होतं त्यापेक्षा कठीण गेलं. इंग्रजीत ‘मी बघितलं नव्हतं’ हे वाक्य फार उघडंवाघडं वाटतं, त्याला मराठीसारखी आडोशाला उभी राहायची सोय नाही.

त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “कुठला नंबर?” मी बोट ठेवलं. त्यांनी पेन्सिल उलटी करून, खोडरबराचं टोक माझ्याकडे करून दिली. मी खोडलं. मग त्यांनी खालच्या खणातून जुने तक्ते काढले, एक उघडला. त्यात मध्येमध्ये रिकामे रकाने होते, आणि एका ठिकाणी समासात त्यांच्याच बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘शिंक आली.’

“आणि त्या मुलीला काय सांगितलंस?”

“मुलगी, असं.”

ते जरा विचारात पडले. “निम्मी शक्यता आहे की तू खरंच बोललीस,” म्हणाले, आणि उठून सायडरच्या यंत्राची ताडपत्री शोधायला लागले. ती एकट्याला घालता येत नाही. मी दुसरं टोक धरलं. यंत्र धुतलं होतं, तरी पिंपाच्या दोन पट्ट्यांच्या फटीत चोथ्याची एक काळपट रेघ राहिली होती आणि तिच्यावर एकच गांधीलमाशी, थंडीनं जडावलेली, पाय टाकत हळूहळू चालत होती. ती बाजूला होईपर्यंत आम्ही ताडपत्री तशीच धरून उभे राहिलो.